आढळ होत नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी सुयोग लॅपटॉप बगलेत मारून आला आणि ओटीवर टेकता टेकता म्हणाला, "आत्या, एक काम हाय. पण तुमच्या लायकीचं नाय."

"मग माझ्याकडे कशाला आणलंस?"

"तुमचं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. जरा चुका काढून द्या. तसं ते कोण वाचणार नाय म्हणा."

शहापुरात हार्डवेअरच्या दुकानावर याची कंपनी. पाच माणसं, त्यातली एक माझी भाची हर्षाली. त्यांनी 'माग' नावाचं एक साधन केलंय. मोठ्या कंपन्यांच्या प्रोग्रॅममध्ये लाखो ओळी असतात. त्यात अमुक गोष्ट कुठे लिहिली आहे, हे माग शोधून देतो. पण शोधायला सांगणारा आता माणूस नसतो. एआयचा एजंट असतो. म्हणजे असा प्रोग्रॅम, की त्याला काम सांगायचं आणि पुढचं सगळं त्याने आपल्या डोक्याने करायचं. मागविषयी त्याला काय कळणार? आपण जी माहिती लिहून देऊ तेवढंच. चोवीस तारखेला परदेशातली गिऱ्हाईक बाई ती माहिती आणि माग, दोन्ही तपासणार आहे.

चार पानं वाचली. माग वेगवान आहे. माग सामर्थ्यवान आहे. माग सगळं शोधतो. साबणाची जाहिरात!

"हे वाचून तो एजंट काय करील? टाळ्या वाजवील?"

"आत्या, तो माणूस नाय. त्याला काय बी चालतं."

मी म्हटलं, माणसाला काहीही चालतं रे. माणूस उठून विचारतो, बाई, म्हणजे नेमकं काय? ज्याला उलटून विचारता येत नाही, त्याच्यासाठीच नीट लिहायचं असतं. सुयोग हसला आणि चहा मागितला. मी चहा दिला. कामही घेतलं. एकतीस वर्षं कचेरीतली अभिलेखांची खोली सांभाळलेल्या बाईला 'काय बी चालतं' म्हणतो, मेला.


५ नोव्हेंबर, बुधवार

हर्षालीला म्हटलं, आधी साधन दाखव. न बघितलेल्या गोष्टीवर मी लिहीत नाही. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला टेबलावरच्या पेरूवर निबंध लिहायला लावायची, तर आधी तो पेरू खायला द्यायची. तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. मला ती दोन वर्षं सँड्रा म्हणत होती आणि ती सुंदरा म्हणेपर्यंत मी दोन वर्षं ओ दिली नाही.

तीन शोध घेतले. पहिल्याला सात जागा सापडल्या. दुसऱ्याला वीस. मी विचारलं, बरोब्बर वीस कशा? हर्षाली म्हणाली, "आत्या, वीसच दाखवतो. खरं तर तीनशे असतील."

"आणि हे तो सांगतो?"

"नाही."

तिसऱ्याला काहीच आलं नाही. नुसता रिकामा कंस.

"याचा अर्थ काय?"

"नाहीये ते."

"नाहीये, की त्याने बघितलं नाही?"

हर्षालीने कंसाकडे पुन्हा बघितलं. म्हणाली, काही जुने फोल्डर माग वगळतो, नाहीतर फार हळू चालतो. वस्तू तिथे असली तरी उत्तर हेच, रिकामा कंस.

दोन्हीला एकच उत्तर! माझं डोकं असं तापलं की मी उठून गोठ्यात जाऊन आले. गोठ्यात गुरं नाहीत आता, पण जायची सवय आहे.


८ नोव्हेंबर, शनिवार

खळ्यावर झोडणी. लहानी आणि तिचा नवरा नामा आले होते. हे लोक मूळचे वैशाखऱ्याच्या पुढे डोंगरातल्या वाडीवरचे, पंधराएक वर्षं झाली इकडे सापगावात राहतात. नामा भारा असा आपटतो की पेंढ्यात दाणा म्हणून राहत नाही.

लहानी पाणी प्यायला ओटीवर आली. "काय लिवताव गो बाय, सकालपासना?"

"मशीनसाठी लिहितेय. काय कसं शोधायचं ते."

"मशिनला बी शिकवावं लागतं?" तिला फार मजा वाटली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आमच्या चिमीला नर्सिंगला नंबर लागला. पर जमातीची पडताळणी पायजे म्हनतात, महिनाअखेरपोत. माजा सासरा जैतू, त्याच्या जल्माचा कागद मागतात. तो तं नाय. तुमीच लिवून दिलेलं ना, नाय म्हनून. नामाच्या टायमाला."

मी म्हटलं, कचेरी बघूनच लिहून देते.

"व्हय, ता तं हायेच." ती उठली. "तुमी कशाला खोटं लिवाल?"

२००९ मध्ये नामाने वनरक्षकाच्या भरतीसाठी अर्ज केला होता. मी जैतूच्या जन्मवर्षाचं, १९४४चं रजिस्टर बघितलं होतं. पानन् पान बघितलं होतं. त्यात नोंद नव्हती. 'आढळ होत नाही' असा दाखला मी नियमाप्रमाणे दिला. कचेरीचं नाव इथेही लिहीत नाही, पण तिथे माझ्याइतकं काटेकोर कोणी नव्हतं, हे कोणालाही विचारावं.

भात यंदा बरं आहे.


११ नोव्हेंबर, मंगळवार

सुयोगची चार पानं बाजूला ठेवली आणि नवीन लिहिलं. आधी हे साधन कशासाठी आणि कशासाठी नाही. मग प्रश्न कसा विचारायचा. नाव अर्धवट माहीत असलं तर काय करायचं. वीसच जागा दिसतात, आणखी असू शकतात, तर प्रश्न बारीक करून पुन्हा विचार. शेवटी एक परिच्छेद, आणि त्याच्यासाठीच बाकी सगळं लिहिलं असं म्हटलं तरी चालेल:

'उत्तर रिकामं आलं म्हणजे वस्तू नाही असं समजू नये. मागने कुठे पाहिलं आणि कुठे पाहिलं नाही हे आधी बघावं. ते दोन्ही अहवालात लिहावं. जिथे पाहिलं नाही तिथल्या वस्तूबद्दल नाही असं लिहू नये, आणि त्या भरवशावर काही काढून टाकू नये.'

सुयोग वाचून उडालाच.

"आत्या! गिऱ्हाईक वाचेल ना हे! तिला वाटेल आमचा माग आंधळा हाय."

"मग आहेच तो. अर्धा."

"दुसऱ्या कंपन्या असं लिहितात का?"

"दुसऱ्या कंपन्यांचं मला सांगू नकोस. माझ्याकडे त्यांचं काम नाही."

"माग सगळं शोधतो, एवढं एक वाक्य तरी ठेवा."

"'सगळं' हा शब्द मी खोडलाय. बाकीचं वाक्य ठेव हवं तर. माग शोधतो. उरलेलं खरं आहे."

हर्षाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. सुयोग तिच्याकडे बघून म्हणाला, "तू हस. ऑर्डर गेली की आपन दोघं खाली हार्डवेअरमध्ये खिळे विकू."


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुयोगने पैज लावली. सरावाच्या प्रतीवर एजंटला त्याचीच चार पानं द्यायची आणि काम सांगायचं: तारखा बदलून देणारा प्रोग्रॅमचा एक जुना तुकडा आता कुठे वापरात नसेल तर काढून टाक. एवढंच. "बघा, कायबी होत नाय."

शहापुरात त्यांच्या ऑफिसात गेले. जिना इतका अरुंद की सिमेंटच्या गोणीला धक्का मारल्याशिवाय वर जाता येत नाही.

एजंटने मागला विचारलं. रिकामा कंस. पुन्हा वेगळ्या तऱ्हेने विचारलं, रिकामा कंस. तो बिचारा तिसऱ्यांदाही विचारून आला. मग त्याने तुकडा काढून टाकला आणि अहवाल लिहिला. हर्षालीने मोठ्याने वाचला: संपूर्ण शोध घेतला असता वापर कोठेही आढळून आला नाही. सबब काढून टाकण्यात आला आहे.

चाचणी लावली तर सगळं कोसळलं. वगळलेल्या जुन्या फोल्डरात एकेचाळीस ठिकाणी तो तुकडा वापरलेला.

"एजंटच ढ हाय," सुयोग म्हणाला.

मी खवळले. ढ तो नाही. त्याने तीनदा विचारलं. तू त्याला सांगितलंस की माग सगळं शोधतो. त्याने तुझ्यावर विश्वास ठेवला. एवढ्या शुद्ध भाषेत, एवढ्या ठामपणे त्याने ते लिहिलं, कारण त्याला वाटलं कोणीतरी बघितलंय! 'संपूर्ण शोध घेतला असता आढळून आला नाही'! खाली मोकळी जागा सोडली असती तर शिक्कासुद्धा मारला असता!

मी फार मोठ्याने बोलले असावे. खालच्या दुकानातला माणूस वर येऊन बघून गेला.


१५ नोव्हेंबर, शनिवार

भाताला वारा दिला. लहानी आली नाही. नामाने सांगितलं, चिमीचा कागद काढायला कोणाकोणाच्या पाया पडत फिरतेय.


१७ नोव्हेंबर, सोमवार

सुयोगने निरोप पाठवला की शेवटचा परिच्छेद काढावा, बाकी सगळं माझं राहू दे. हर्षालीच निरोप घेऊन आली. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "आत्या, एक विचारू? तू एवढी का चिडतेस? हे तर नुसतं सॉफ्टवेअर आहे."

मी म्हटलं, तुझं काम बघ.

ती बघतच राहिली. लहानपणी अशीच बघायची. दहा वर्षांची असताना तिच्या शाळेत इंग्रजी पाठांतराची स्पर्धा होती. मी दुपारी दोनची एसटी पकडून वेळेवर पोचले, तर ही स्टेजवरून मला शोधत होती, आणि दिसले तेव्हा कविता विसरली. त्या दिवशी शनिवार होता. अर्धा दिवस. फेब्रुवारी २००९.

नामाच्या दाखल्यावर माझ्या हातची त्याच दिवसाची तारीख आहे. मला आठवत नाही असं नाही.

१९४४चं रजिस्टर मी पानन् पान बघितलं होतं. हे खरं आहे. पण डोंगरातल्या वाड्यांवर जन्ममृत्यूच्या नोंदी घ्यायला कोतवाल रोज चढत नसे. शिमग्याच्या सुमारास एकदा वर जायचा आणि वर्षभराचं एकदम लिहून आणायचा. ते गावच्या रजिस्टरात नाही, वेगळ्या वहीत. त्या वह्या वेगळ्या बांधलेल्या, लाल फडक्यात. बाकीच्या रुमालांना, म्हणजे दप्तराच्या गाठोड्यांना, पांढरं फडकं, वाड्यांच्या रुमालाला लाल. तो ठेवायचा माळ्यावर, कारण तो कोणी मागत नसे. हे मला माहीत होतं. माझ्याशिवाय त्या कचेरीत हे कोणाला माहीतच नव्हतं.

शिडी लावायला दहा मिनिटं लागली असती.


१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळच्या एसटीने किन्हवलीवरून सरळगावला. तिथून पुढे कुठे, ते लिहीत नाही.

अभिलेखांच्या खोलीत आता दिपेश आहे. माझ्या हाताखाली शिकला. उठून उभा राहिला, मॅडम मॅडम केलं, खुर्ची पुसली. मी जैतूचं नाव सांगितलं, बापाचं नाव पंढरी, वाडीचं नाव. त्याने कॉम्प्युटरवर टाकलं.

"नाय दाखवत, मॅडम."

"काय काय बघितलंस?"

"सगळं स्कॅन केलंय ना. सिस्टममध्ये नाय म्हंजे नायच."

"सिस्टममध्ये माळा आहे?"

"माळ्यावरचं नाय घेतलं. ते रद्दीत काढणार होते."

"काढलं?"

"अजून नाय."

"शिडी आण."

"मॅडम, तुमी रिटायर आहात, आत यायला..."

"मी आत येतच नाही. मी शिडी धरते. तू चढ."

तो चढला. वर शिंकत बसला. पांढरे खाली टाकले, मी म्हटलं ते नकोत. लाल नाही म्हणाला. मी म्हटलं, लाल होतं ते सोळा वर्षांत तपकिरी झालं असेल, तपकिरी बघ! कोपऱ्यात होतं. गाठ माझीच, दुहेरी. दातांनी सोडवावी लागली, माझ्या.

१९४५ची वही. शिमग्यात लिहिलेली, पण आधीच्या सगळ्या वर्षाची. नववं पान. मुलगा, जैतू. बाप पंढरी. जमात लिहिलेली. वाडी लिहिलेली. कोतवालाचं अक्षर किरटं पण शाई अजून काळी.

दिपेशने जुनी फाईल काढली होती. दाखला वाचून म्हणाला, "मॅडम, हा आढळ नाय असा कोणी दिला? सही वळखीची वाटते."

"माझीच आहे. डोळे फुटले का तुझे?"

त्याने फाईल मिटली. मग हळूच बोलला, "नक्कल देता येईल. नामानं अर्ज करायला पायजे. पण जुना दाखला रेकॉर्डवर हाय, मॅडम. पडताळणीवाले विचारणार, तवा नाय तर आता कुठून उगवला? बनावट म्हनतील. तो पहिला दाखला चुकीचा होता असं कोणीतरी लिहून द्यायला पायजे." 'कोणीतरी' म्हणताना तो पंख्याकडे बघत होता.


२० नोव्हेंबर, गुरुवार

चार मसुदे केले.

पहिला: 'तत्कालीन परिस्थितीत अनवधानाने.' फाडला. दुसरा: 'सदर रुमाल नजरेस न आल्याने.' तो काय उडत होता की नजरेस येणार? फाडला. तिसऱ्यात कामाचा ताण होता, चौथ्यात सेवाकाळ निष्कलंक होता. सगळे चुलीत.

एका परक्या मशीनसाठी मी तीन दिवसांत सहा पानं चोख लिहिली. स्वतःची दोन ओळींची गोष्ट लिहिता येईना. पेन्शनला हात लावतील का, असंही मनात आलं. लावू देत. लावून बघू देत!

नामाकडून नकलेचा अर्ज मात्र करून घेतला. सही करताना त्याने विचारलं, "मिळंल?" मी म्हटलं, मिळेल. कसं ते सांगितलं नाही.


२४ नोव्हेंबर, सोमवार

हर्षालीने परिच्छेद काढला नाही. उलट शनिवार-रविवार बसून तिने मागमध्येच बदल केला. आता तो रिकामा कंस देत नाही. कुठे पाहिलं आणि कुठे पाहिलं नाही, याची यादी देतो. सुयोगला तिने आज सकाळी सांगितलं. वर म्हणाली, "तू काढ ते हवं तर, आणि बाईंसमोर बसही तूच." मी शेजारी होते. मला फार बरं वाटलं.

गिऱ्हाईक बाई पडद्यावर आली. पिकलेले केस, चष्मा दोरीला. तिने एजंटला नेमकं तसलंच काम दिलं: जुना तुकडा, वापरात नसेल तर काढ. सुयोगने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिला शिकवून ठेवलंय.

एजंटने आमची पानं घेतली, मागला विचारलं, यादी बघितली. आणि थांबला. लिहिलं ते हर्षालीने मला मराठीत सांगितलं, पण मला इंग्रजी कळतं: मी या सहा ठिकाणी पाहिलं. जुन्या फोल्डरात पाहिलेलं नाही. म्हणून तुकडा वापरात नाही असं मी सांगू शकत नाही. मी काही काढलेलं नाही. कृपया तिथे कोणीतरी पाहावं.

अनवधान नाही, परिस्थिती नाही. पाच साधी वाक्यं. माझीच पानं वाचून लिहिलेली.

बाईने चष्मा लावून ते पुन्हा वाचलं. मग विचारलं, तिथे पाहायचं म्हटलं तर पाहता येईल का? हर्षाली म्हणाली, येईल, पण वेळ लागेल. बाई म्हणाली, कळवते. आणि गेली.

"गेली ऑर्डर," सुयोग म्हणाला.

"गेली तर गेली. खिळे वीक. खिळ्यांच्या पुडक्यावर आत किती आहेत ते खरं लिहिलेलं असतं."

तो हसला नाही. पण जिना उतरताना गोणी त्यानेच सरकवली, माझ्यासाठी.


२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी ओटीवर बसून एका बैठकीत लिहिलं. मग लहानी-नामाच्या घरी गेले. लहानी चुलीवर नाचणीची भाकरी थापत होती, चिमी दारात पुस्तक घेऊन. म्हटलं, ऐका. उभ्यानेच वाचलं.

'मी, सुंदरा सावळाराम, निवृत्त अभिलेखपाल, लिहून देते की फेब्रुवारी २००९ मध्ये नामा जैतू यांना मी आढळ होत नाही असा दाखला दिला. मी १९४४चं गावचं रजिस्टर पाहिलं होतं. वाड्यांच्या नोंदींचा माळ्यावरचा रुमाल मी पाहिला नव्हता. तो तिथे आहे हे मला माहीत होतं. नोंद त्यात होती आणि आहे. चूक कचेरीची नाही, नामाची नाही, माझी आहे. याबद्दल जे विचारायचं ते मला विचारावं.'

चिमीला सगळं कळलं. नामाने मान खाली घातली आणि ती वर केली नाही. त्याला वनरक्षक व्हायचं होतं. सोळा वर्षं तो लोकांचं भात झोडतोय. माझंही.

लहानीने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "शिडी व्हती काय तिथं?"

"होती."

"मंग का नाय चढला, गो बाय?"

एसटी होती, हर्षालीची कविता होती. सांगितलं नाही. म्हटलं, "नाही चढले."

तिने भाकरी विस्तवावर धरली. ती फुगली. "उद्या कवाची एसटी?" तिने विचारलं.

"सातची."

"आमी तिघा बी येताव. तुमी तिथं ह्याच वाचा, असाच उभ्यानी. सायबाम्होरं. मंग बघू." भाकरी तिने टोपलीत टाकली. मला दिली नाही.

घरी आले तर हर्षाली ओटीवर बसलेली. कागदाची दुसरी प्रत मी वहीत ठेवली होती, ती तिच्या हातात. फेब्रुवारी २००९ वाचलं असणार. म्हणाली, "आत्या, उद्या मी पण येते."

मी म्हटलं, ये. शिडी धरायला लागलीच तर एक माणूस जास्त बरा.